साउंडवाल्याच्या घरचे स्पीकर



गेल्या दसऱ्याला आमच्या घरी मोठा टीव्ही आला. पंचावन्न इंची. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या आणि लेकाच्या लक्षात आलं की चित्र मोठं झालं, पण आवाज होता तसाच राहिला. तुमच्याकडेही हे झालं असेल, तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. एका शनिवारी दोघं शोरूमला गेले, तिथल्या काळोख्या खोलीत सोफ्यावर बसून डोक्यावरून हेलिकॉप्टर उडवून आले, आणि येताना हातात एक कोटेशन. पाच स्पीकर, सबवूफर, रिसीव्हर, वायरिंग, सगळं मिळून एक लाख सत्तेचाळीस हजार रुपये. लेक म्हणाला, "आई, थिएटरला जायचे पैसे वाचतील." हा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला. नाही जमला.

मी एवढंच म्हटलं, एकदा काकांना विचारू. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, आणि हा तर कानाचाच मामला.

काका आमच्याच सोसायटीत राहतात. मूळचे बेळगावचे, बंगळुरूत ध्वनिमुद्रक म्हणून तीसएक वर्षं झाली. कन्नड सिनेमाची गाणी, जाहिराती, डबिंग, भजनांच्या सीडी, हल्ली ऑडिओबुकं, सगळं केलेलं. लिफ्टमध्ये भेटतात तेव्हा लिफ्टच्या मोटारीचा आवाज कोणत्या सुरात आहे ते सांगतात. अशा माणसाच्या घरी काय यंत्रणा असेल, या उत्सुकतेनं आम्ही तिघं रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो.

हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटावर दोन छोटे स्पीकर. शाळेच्या वहीपेक्षा जरासे उंच. एकाची जाळी एका कोपऱ्यात चेपलेली. त्यामागे एक जुना अँप्लिफायर, ज्याच्या आवाजाच्या खुंटीवरचे आकडे पुसून गेलेले. स्वयंपाकघरात ओट्यावर ट्रान्झिस्टर, त्यावर आकाशवाणी. बस्स, एवढंच. लेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दिव्याखाली अंधार तो हाच, असं त्याच्या मनात आलं असणार.

"बसा की, काय घाई आहे?" काका म्हणाले. मग कोटेशन वाचलं, घडी करून परत दिलं आणि हसले.

त्या दिवशी आणि नंतरच्या दोनतीन भेटींत त्यांनी जे सांगितलं, ते आज तुम्हाला सांगते. मध्ये मध्ये माझं वाचनही घालते आहे, त्यामुळे चूक सापडली तर ती माझी, काकांची नव्हे.

पहिलं कारण अगदी साधं निघालं. थकवा. दिवसाचे आठ-दहा तास हा माणूस काचेमागे बसून एकच ओळ चाळीस वेळा ऐकतो. गायिकेचा श्वास कुठे मोठा झाला, तबल्याची शाई कुठे जास्त वाजली, 'श'ची शिट्टी कुठे टोचते. "लग्नाचा स्वयंपाक करून आलेला आचारी घरी दहीभातच मागतो," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "दहीभातही नाही. आल्यावर तासभर पंखासुद्धा बंद लागतो यांना."

आणि प्रश्न फक्त कंटाळ्याचा नाही. कानाचं रोजचं बजेट असतं, हे मला माहीत नव्हतं. कारखान्यांतल्या कामगारांसाठी अमेरिकेतल्या आरोग्यतज्ज्ञांनी जी शिफारस केली आहे, ती अशी: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास. त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सिनेमाचं मिक्सिंग जिथे होतं, त्या थिएटरांची संदर्भपातळीच ८५ डेसिबल धरलेली असते. म्हणजे साउंडवाला घरी निघतो तेव्हा त्याचं त्या दिवसाचं बजेट बऱ्यापैकी संपलेलं असतं. त्यावर घरी सबवूफर लावायचा?

काकांनी कपाटातून एक कागद काढून दाखवला. त्यांच्या कानांचा आलेख. रेघ बरी चालत होती आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरत होती. मोठ्या आवाजानं झालेली इजा बहुतेकदा याच जागी आधी दिसते म्हणे. तरुणपणी ऑर्केस्ट्रांचं साउंड करायचे, गणपतीत रात्र रात्र स्पीकरच्या भिंतीशेजारी उभे राहायचे, त्याची ही पावती. "हे माझं भांडवल आहे ताई," ते म्हणाले. "मशीन बदलता येतं."

नवरा तरीही हट्टाला पेटलेला. त्याचं म्हणणं, ठीक आहे, तुम्ही कमी आवाजात ऐका, पण वस्तू तर उत्तम घ्या! स्टुडिओत उत्तमच असतात ना?

यावर काकांनी जी गोष्ट सांगितली, ती साउंडच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते म्हणे, आपल्यालाच नसते. १९७८ साली जपानच्या यामाहा कंपनीनं एनएस-१० नावाचा छोटा स्पीकर काढला. स्टुडिओसाठी नव्हे, घरात ठेवायला. पांढऱ्या कागदी पडद्याचा, कपाटात मावणारा. शौकिनांनी त्याला फार काही डोक्यावर घेतलं नाही. आवाज टोचरा, खर्ज अपुरा. पण ध्वनिमुद्रकांनी तो उचलला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर हेच पांढरे डोळे दिसत राहिले. वरच्या पट्टीतला आवाज फार टोचतो म्हणून लोक त्याच्या ट्वीटरवर चक्क टिश्यू पेपर चिकटवायचे! २००१मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी जुनी जोडी मिळाली तर आजही लोक सोडत नाहीत. कारण एकच: हा स्पीकर लाड करत नाही. याच्यावर जे गाणं बरं वाजलं, ते कुठेही बरं वाजतं.

त्याच्याही आधीचा एक ऑराटोन नावाचा डबा. खरोखर डबाच, एका हातात मावणारा, आत एकच स्पीकर. टीव्हीवर आणि गाडीतल्या रेडिओवर आपलं काम कसं ऐकू जाईल ते बघण्यासाठी तो वापरत. मायकल जॅक्सनचा १९८२चा 'थ्रिलर' अल्बम आठवतो ना? त्याचे ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीन मिक्सिंगचं पुष्कळसं काम या डब्यांवर करत.

तर स्टुडिओतला स्पीकर म्हणजे भारी स्पीकर, हा आपला समज अर्धाच खरा. मोठे, महागडेही तिथे असतात, पण त्यांचं काम चुका दाखवणं. तांदूळ निवडताना प्रखर उजेड लागतो; जेवताना कुणी खडे शोधत बसत नाही. काका सांगत होते की फार चांगल्या यंत्रणेवर त्यांना गाणं ऐकूच येत नाही, फक्त काम ऐकू येतं. कुठे जोड मारला आहे, कुठे सूर यंत्रानं सरळ केला आहे. घरच्या चेपक्या स्पीकरवर मात्र किशोरी आमोणकर ऐकताना ते ध्वनिमुद्रक राहत नाहीत. एवढं एक सुख त्यांनी राखून ठेवलं आहे.

ऐकणारा शेवटी कशावर ऐकणार आहे, हे या लोकांच्या डोक्यात सतत असतं. 'सैराट'चंच बघा. २०१६चा सिनेमा. अजय-अतुल यांनी त्यातलं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं. आणि आपण ते कशावर ऐकलं? फोनवर, वडापच्या गाडीत, वरातीतल्या बँडवर. वाया गेलं का ते व्हायोलिन? मला नाही वाटत. नाचणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आमच्या बंगळुरूचे रिकी केज आणि स्टुअर्ट कोपलंड यांच्या 'डिव्हाइन टाइड्स'ला २०२३मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही चहूबाजूंनी आवाज येईल अशा ध्वनीच्या अल्बमांसाठीच्या विभागात. मी तो कानात बोंडं घालून सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये बसून ऐकला. छान वाटला.

आणखी मागे जाऊ. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं, आणि वर्षभर दर आठवड्याला नवं गीत येत राहिलं. त्या काळच्या मीडियम वेव्ह रेडिओवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज जवळपास पोहोचतच नसे. आजच्या हिशेबानं हा आवाज फोनच्या कॉलपेक्षा थोडाच बरा. तरी लोक रेडिओला हार घालून समोर बसत. माझ्या सासूबाई हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. (सासूबाईंची आठवण ठेवा, त्या पुढे येणार आहेत.)

बंगळुरूच्या स्टुडिओंचा विषय निघाला की काका हळवे होतात. शंकर नाग तुम्हाला 'मालगुडी डेज'चे दिग्दर्शक म्हणून माहीत असतील. हा माणूस मुंबईच्या मराठी नाटकांत रमलेला, '२२ जून १८९७' या मराठी सिनेमाच्या लेखनातही सहभागी. नंतर कन्नड सिनेमात गेला आणि तिथला मोठा नट झाला. पूर्वी कन्नड सिनेमांना गाण्यांसाठी आणि डबिंगसाठी मद्रासची वाट धरावी लागे. ती वाचावी म्हणून नाग यांनी बंगळुरूत संकेत स्टुडिओ उभारला. १९९०मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, दावणगेऱ्याजवळ मोटार अपघातात ते गेले. त्या काळात स्टुडिओतल्या यंत्रांवर जीव टाकणाऱ्या कित्येकांच्या घरी टू-इन-वन होता, त्यात टीडीकेची कॅसेट. तयार गाणं त्याच टू-इन-वनवर बायकामुलांना ऐकवायचं. त्यांना शब्द कळले, मुलं डोलली, की काम झालं.

पैशाचं कारणही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. या धंद्यात महिन्याचा ठरलेला पगार थोड्यांनाच. हातात चार पैसे आले की माणूस आधी चांगला माइक घेतो, ज्यावर पुढचं काम मिळेल. आणि सगळेच साउंडवाले साधे असतात असंही नाही. काकांच्या एका मित्रानं म्हैसूरजवळ घर बांधताना ऐकण्याची वेगळी खोली बांधली आहे, आणि काका तिथे जाऊन जमिनीवर मांडी घालून तासन् तास बसतात. पण त्यानं आधी खोली बांधली, स्पीकर नंतर घेतले. आम्ही उलटं करायला निघालो होतो.

पुढच्या रविवारी काका आमच्याकडे आले. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. तुम्हीही आत्ता वाजवून बघा. आमच्याकडे टाळीमागून 'टर्रर्र' असा बारीक आवाज आला. समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती टाळी एकमेकींकडे फेकत होत्या. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेचं सरकतं दार, वर काँक्रीटचा स्लॅब. "या खोलीत दीड लाखाचा स्पीकर वीस हजाराचा वाजणार," काका म्हणाले.

मग खर्जाचं गणित. आमचा हॉल बारा फूट लांब, दहा फूट रुंद. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बारा फुटांच्या भिंतींत जी लाट बरोब्बर अडकते ती ४७ हर्ट्झची, दहा फुटांत ५६ हर्ट्झची. बास गिटारचे खालचे स्वर नेमके याच भागात. खोलीच्या मध्यभागी बसलात तर ते स्वर जवळजवळ गायब, भिंतीला टेकून बसलात तर घुमून घुमून डोकं उठतं. आता आपला सोफा कुठे असतो? भिंतीलाच. स्टुडिओवाले यासाठी भिंती तिरक्या बांधतात, कोपऱ्यांत जाड रॉकवूल भरतात, पहिले पैसे तिथेच ओततात. भाड्याच्या टूबीएचकेमध्ये कोपऱ्यात रॉकवूल कोण भरू देणार?

आणि खर्ज स्लॅबमधून खाली जातो तो वेगळाच. निवासी भागासाठी सरकारी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेलं आहे. आमच्या खाली तान्हं बाळ आहे. हेलिकॉप्टर उडवायचं कधी?

शोरूममध्ये मग इतकं भारी का वाटलं, हा लेकाचा रास्त प्रश्न. तिथली खोली तयार केलेली असते हे एक. दुसरं, कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात भरतो. त्यामुळे दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्यानं लावलेला असतो, तोच आपल्याला चांगला वाटतो. तुम्ही घ्यायला जाणार असाल तर आपलं रोजचं, पाठ असलेलं गाणं न्या, ज्यात माणसाचा आवाज आहे असं. आणि दोन्ही स्पीकर सारख्याच आवाजात लावायला सांगा. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरींबद्दल विचारलं तर काकांनी नुसता हात हलवला.

हे सगळं चालू असताना सासूबाई आपल्या खुर्चीत बसून होत्या. गेल्या वर्षभरात त्यांचं बोलणं कमी झालं होतं. टीव्ही लावून बसायच्या, पण विचारलं तर गोष्ट सांगता यायची नाही. पाहुणे आले की नुसत्या हसायच्या. ब्याऐंशी वर्षं झाली, मन लागत नसेल, असं आम्ही समजून चाललो होतो. घरातला टीव्हीचा आवाज मात्र चढता होता, आणि लेक त्यावरून कुरकुरायचा.

काका त्यांच्याशी बोलायला वळले. थोडं बोलून झाल्यावर त्यांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून विचारलं, "आजी, चहात साखर किती?" सासूबाई गप्प. मग समोर येऊन, आवाज न चढवता, तेच विचारलं. "एक चमचा," उत्तर आलं.

"त्या तुमच्या ओठांकडे बघतात," काका मला म्हणाले. "आवाज येतोय त्यांना. शब्द येत नाहीत."

मी ते विसरू शकत नाही. वर्षभर आम्ही त्यांच्याशी ओट्याकडे तोंड करून, पाठमोऱ्या बोलत होतो.

वयानुसार कान जातो तो बहुधा वरच्या पट्टीपासून. 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते पोहोचतात. 'स', 'श', 'फ', 'त' ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि नाजूक. ती गळतात. मग 'सात', 'हात', 'खात' सगळं एकच. आवाज वाढवला तर 'आ' आणखी मोठा होतो, 'स' तिथेच राहतो. त्यात पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, म्हणजे संवाद आधी भिंतीशी बोलतो आणि मग आपल्याशी. शिवाय सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला. कुजबूज अगदी हळू, बंदूक अगदी मोठी. घरी रिमोट घेऊन आपण वरखाली, वरखाली.

काकांनी त्या दिवशी एकही वस्तू विकत घ्यायला लावली नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय शोधून चालू केली. रात्रीचा म्हणून एक मोड असतो, तोही. सासूबाईंची खुर्ची टीव्हीपासून सहा फुटांवर आणली. काचेच्या दाराला जाड पडदा आणि जमिनीवर माळ्यावरची सोलापुरी सतरंजी. पुन्हा टाळी वाजवली. टर्रर्र बरंच विझलं होतं. नंतर आम्ही एक साधा साउंडबार घेतला, कोटेशनच्या दहाव्या भागात. तो टीव्हीखाली, माणसांकडे तोंड करून बसला आहे. लेकाच्या दृष्टीनं हा तह आहे, विजय नव्हे.

तरीही 'स' काही सासूबाईंपर्यंत नीट पोहोचेना. मग कानाची तपासणी झाली. त्यांचाही आलेख आला, काकांसारखाच कागद, फक्त यात खड्डा नव्हता, उतार होता. उजवीकडे रेघ घसरतच गेली होती. दोन्ही कानांना यंत्रं लागतील असं सांगितलं. नवऱ्यानं किंमत ऐकली, माझ्याकडे बघितलं. कोटेशनच्या जवळपासच होती.

मागच्या मंगळवारी ती बसवून आम्ही घरी आलो. सांगितलं होतं की पहिले काही आठवडे सगळंच मोठं वाटेल, हळूहळू सवय होईल. सासूबाई खुर्चीत बसल्या. मी भाजीची पिशवी उघडली तर दचकल्या, म्हणाल्या, केवढा कडकडाट करतेस. कुकरच्या शिट्टीला कानावर हात ठेवले. मग बराच वेळ वर छताकडे बघत राहिल्या.

"हा पंखा इतका वाजतो," त्या म्हणाल्या, "आणि मला कुणी सांगितलं नाही?"